ठासणीच्या रायफलीने उभ्याने लांबचा नेम : या चुका टाळा

कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नळीच्या तोंडातून दारू ओतणे आणि वरचा माल गजाने बसवणे नवीन नाही. अमेरिकेत ज्या नेमबाजीसाठी लोक शनिवार-रविवार मैदानावर घालवतात तिची क्रिया तीच असली, तरी कसोटी निराळी आहे. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी १८व्या शतकात घडवलेल्या लांब नळीच्या रायफलीच्या धर्तीवरचे शस्त्र हातात घ्यायचे, आणि १०० किंवा २०० यार्डांवरील लक्ष्य उभ्याने, कोणत्याही टेकूशिवाय टिपायचे. हा वारसा जपणारी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन १९३३ मध्ये स्थापन झाली आणि इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या लहानशा गावी तिच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) रायफलीचा उभ्याने खेळायचा प्रकार ५० मीटरवर होतो. त्याला ‘पेनसिल्व्हेनिया’ असेच नाव आहे, आणि त्यात ३० मिनिटांत १३ गोळ्या झाडून उत्तम १० धरल्या जातात. त्या अंतरावर झाकून जाणारी चूक २०० यार्डांवर मात्र उघडी पडते.

नवा नेमबाज गोळी चुकली की आधी माशी (नळीच्या टोकाजवळचा नेम धरायचा खुंट) सरकवतो. मीही पहिले वर्षभर तेच केले. दोष माशीत क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा दारू-गोळी भरणाऱ्या हातात किंवा चाप दाबल्यानंतरच्या क्षणात असतो.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

उभ्याने झाडलेल्या पाच गोळ्या पाहून रायफलीविषयी मत बनवणे ही पहिली आणि सर्वांत महाग चूक आहे, कारण माणसाचे डुलणे आणि शस्त्राचा दोष त्या पाच छिद्रांत एकमेकांत मिसळलेले असतात. रायफल प्रथम टेबलावर, वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने १०० यार्डांवर तपासावी. उभे राहताना डावा हात जिथे असतो तिथेच पिशवी ठेवावी, कारण आधाराची जागा बदलली की गोळी लागण्याची जागाही बदलू शकते. टेबलावरही छिद्रे वर-खाली विखुरली, तर दारूचे माप, गोळी बसवण्याचा दाब किंवा पेट घेण्यातील विलंब यांत फरक पडतो आहे असे समजावे. टेबलावर ती घट्ट जमून येतात आणि उभ्याने फुटतात, तर हत्यारे बाजूला ठेवून स्वतःकडे वळावे.

‘ठासणी’ या शब्दाचा दगा

आपल्या भाषेने या बंदुकीला दिलेले नाव सुंदर आहे, पण तेच नाव आपल्याकडच्या नवशिक्याची फसगत करते. ठासणे म्हटले की हात आपोआप गज दोन-चार वेळा आपटू लागतो. शिसे मऊ असते. अशा आपटण्याने गोल गोळीचा माथा चेपतो आणि तिच्याखालचे दारूचे दाणे चुरडतात. दर बाराला, म्हणजे दर खेपेच्या भरणीला, आपटण्याचा जोर वेगळा असल्यामुळे दारू जळण्याची रीतही दर बाराला बदलते. गोळी तोंडाशी छोट्या दांड्याने आत सरकवावी, मग गजाने एकाच संथ, अखंड दाबाने ती दारूवर टेकवावी आणि तिथे थांबावे.

याच्या उलट चूक जिवावर बेतणारी आहे. गोळी दारूपर्यंत न पोचता मध्येच अडकली आणि तशीच झाडली, तर नळी फुगू शकते किंवा फुटू शकते. म्हणून गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक योग्य भरलेल्या बाराची, आणि दर वेळी त्या पाहूनच रायफल उचलावी.

गज जड जाऊ लागणे हे काजळी साचल्याचे लक्षण आहे. काळी दारू जळताना तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, आणि कोरड्या हवेत तो कडक होतो. दर गोळीनंतर एक ओलसर चिंधी आत-बाहेर फिरवावी आणि पाठोपाठ एक कोरडी. ओलसर म्हणजे पिळून काढलेली. चिंब चिंधी सगळी काजळी आणि पाणी तळाशी ढकलते, बत्तीचे (दारूपर्यंत आग पोचवणारे) भोक बुजते आणि पुढचा बार फुसका जातो. स्पर्धेच्या पहिल्याच गोळीला असे होते ते मात्र बहुधा साठवणीच्या तेलामुळे. केपाची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपणाची) रायफल असेल तर दारू भरण्यापूर्वी, नळीचे तोंड मैदानातील सुरक्षित दिशेला ठेवून, एक-दोन नुसत्या केपा उडवाव्यात, म्हणजे मार्ग मोकळा होतो.

जमिनीवरची चिंधी उचला

गोळीभोवती गुंडाळलेली वंगण लावलेली चिंधी नळीतील पेचदार खोबणी पकडते आणि गोळीला फिरकी देते. बार उडाल्यावर ती काही पावलांवर पडते, आणि मैदान बंद झाल्याची घोषणा होताच ती उचलणारा नेमबाज इतरांहून लवकर शिकतो. चांगल्या चिंधीवर मधोमध राखाडी वर्तुळ असते, कडेला किंचित सुटलेले धागे असतात, कापड मात्र शाबूत राहते. मध्यभाग जळून भोक पडले असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण अपुरे आहे. गोळीच्या परिघावर कात्रीने कापल्यासारख्या चिरा दिसल्या, तर नळीच्या तोंडाच्या किंवा खोबणीच्या कडा धारदार आहेत. नव्या नळीत हे नेहमी आढळते. अर्धा इंच व्यासाच्या नळीत ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ ते ०.०१८ इंच जाडीचे गादीपाटाचे घट्ट विणीचे सुती कापड हा जुना, भरवशाचा मेळ आहे. कृत्रिम धाग्याचे कापड वितळते, म्हणून ते वापरू नये.

ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे

हा मुद्दा थोडक्यात, पण पूर्ण गांभीर्याने मांडतो. अमेरिकी माहितीपत्रकांत दारूचे माप ग्रेनमध्ये असते, आणि १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. म्हणजे ७० ग्रेन हे जेमतेम साडेचार ग्रॅम भरतात. मेट्रिक मापांत वाढलेल्या आपल्या माणसाने या दोन शब्दांत गल्लत केली, तर परिणाम भयंकर होईल. नळीच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच राहावे. काळ्या दारूच्या जागी आधुनिक धूरविरहित दारू कधीही, कितीही थोडी, घालू नये. दारू ठेवायच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत दारू ओतू नये, कारण आत विझायची राहिलेली एक ठिणगी हातातला सगळा साठा पेटवू शकते. एका बाराचे माप वेगळ्या मापट्यात घेऊन तेच ओतावे.

बार उडाला नाही तर रायफल लक्ष्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबावे. मिनिट किती लांब असते ते तेव्हा कळते, पण उशिरा उडणारा बार वाट पाहणाऱ्याला इजा करत नाही, नळीत डोकावणाऱ्याला करतो.

उभे राहणे आणि त्यानंतरचा अर्धा सेकंद

जुन्या लांब रायफलीच्या दस्त्याचे टोक चंद्रकोरीसारखे खोल वळलेले असते. आधुनिक रायफलीच्या सवयीने ते खांद्याच्या खळग्यात टेकवले की कोरीची टोके हाडात रुततात, आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून शरीर धक्क्याच्या आधीच आक्रसू लागते. ती कोर खांद्याच्या बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर बसवण्यासाठी घडवलेली आहे. त्यासाठी लक्ष्याकडे बरेच आडवे उभे राहावे लागते, पाठ किंचित मागे झुकते आणि डावे कोपर बरगड्यांवर किंवा कंबरेच्या हाडाजवळ विसावते. ४० इंचांहून लांब नळीचे वजन दंडाच्या स्नायूंनी पेलू पाहणारा माणूस सात-आठ सेकंदांत थरथरू लागतो. ते हाडांवर टेकवता आले पाहिजे. तेवढ्या वेळात नेम जुळला नाही तर रायफल खाली घ्यावी. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तरी मोजके लोकच ती करतात.

माशी लक्ष्यावर स्थिर होईल आणि त्या क्षणी चाप खेचू, ही आशा सोडावी. ती कोणाचीच स्थिर होत नाही. तिचे डुलणे लक्ष्याभोवती लहान होत जाईल आणि बोटाचा दाब त्याच वेळी संथपणे वाढत राहील, इतके साधले की पुरे.

खरी परीक्षा पुढे आहे. चकमकीच्या रायफलीत घोडा सुटतो, गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या बाहेरच्या पॅनमधील (छोट्या वाटीतील) रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात, ज्वाला कानातून, म्हणजे बत्तीच्या भोकातून, आत शिरते, आणि मग मुख्य दारू पेटते. गालाजवळ रंजकाचा भडका उडतो तेव्हा गोळी अजून नळीतच असते. त्या भडक्याला डोळे मिटणे, गोळी कुठे लागली ते पाहायला मान वर करणे आणि डाव्या हाताने नळी सोडून देणे ही लांबच्या नेमातली सर्वांत मोठी चूक आहे. यावर एकच उपाय मला लागू पडला. मैदानाच्या नियमात राहून, रिकाम्या रायफलीच्या पॅनमध्ये फक्त रंजक घालून लक्ष्यावर नेम धरावा, चाप दाबावा आणि भडक्यानंतर माशी कुठे होती ते मोठ्याने सांगावे. सांगता येत नसेल, तर डोळे मिटले होते. अशा वीस-पंचवीस खेपांनंतर खरी गोळी भरावी.

रंजक जास्त घातल्याने बार लवकर पेटत नाही, उलट कान रंजकाने बुजला तर ती वात बनून जळते आणि विलंब वाढतो. रंजक कानाच्या पातळीखाली राहील एवढीच घालावी, आणि गारगोटी बोथट झाली की तिला पुन्हा धार काढावी.

ऊन आणि वारा

पितळेची किंवा चांदीची माशी उन्हात एका बाजूने चमकते. डोळा ती चमकच मध्यभागी धरतो आणि गोळी प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला जाते. काडीच्या धुराने माशी काळी केली की हा प्रश्न मिटतो.

वाऱ्याचे मात्र तसे नाही. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते, आणि मंदावणाऱ्या गोळीला वारा अधिक ढकलतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा अर्ध्या इंची गोळीला १०० यार्डांवर सुमारे १० इंच सरकवतो, तर २०० यार्डांवर सुमारे तीन फूट. अंतर दुप्पट झाले म्हणून नेमही दुप्पट बाजूला धरणारा माणूस इथे फसतो. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील ब्रिटिश अधिकारी जॉर्ज हँगर याने नंतर लिहून ठेवले आहे की, तो आणि ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी टार्लटन घोड्यांवर शेजारी शेजारी असताना एका अमेरिकी रायफलधाऱ्याने ४०० यार्डांवरून झाडलेली गोळी दोघांच्या मधून गेली आणि मागच्या बिगुलवाल्याच्या घोड्याला लागली. ही हकिकत मैदानावर अभिमानाने सांगितली जाते, पण हँगरने नोंदवलेल्या दोन बाबी बहुधा गळतात. तो नेमबाज पोटावर झोपला होता, आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. उभ्याने नेम धरणाऱ्याला यांपैकी एकही सवलत नसते. म्हणून रायफल उचलण्यापूर्वी निशाणे, गवत आणि शेजाऱ्याच्या बाराचा धूर पाहावा, आणि वारा बदलला तर नेम बदलण्याऐवजी आधीचा वारा परत येईपर्यंत थांबावे.

आणखी एक चूक भल्याभल्यांना चुकलेली नाही. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंडचा संघ ठासणीच्या रायफली घेऊन अमेरिकी संघाविरुद्ध ८००, ९०० आणि १००० यार्डांवर उतरला होता. ९०० यार्डांवर जे. के. मिलनर या आयरिश नेमबाजाची गोळी अचूक मध्यावर लागली, पण शेजारच्या लक्ष्याच्या. तिचे चार गुण मिळाले नाहीत आणि आयर्लंड ९३४ विरुद्ध ९३१ असे तीन गुणांनी हरले. रायफल भरताना मान खाली असते आणि एकसारख्या पाट्यांच्या रांगेत डोळा सहज एक घर सरकतो. त्यामुळे गज जागेवर ठेवल्यावर, रायफल उचलण्याआधी, आपल्या पाटीचा क्रमांक दर वेळी नव्याने वाचावा.