व्हीएम रात्रीत आपोआप बंद पडते? होस्टची रॅम कोण खातंय ते असं शोधा

सकाळी येऊन बघावं तर प्रॉक्समॉक्सच्या (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टीम) होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, एकच व्हीएम बंद, बाकी सगळ्या चालू, आणि बंद पडलेल्या व्हीएमच्या आतल्या लॉगमध्ये काहीच नाही, मधेच वीज गेल्यासारखा लॉग तुटलेला. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "त्या व्हीएमची रॅम वाढवा". कृपा करून हे करू नका. होस्टची मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारणपणे सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेल्या प्रोसेसला मारतो, म्हणजे तुम्ही रॅम वाढवून त्याच व्हीएमला पुन्हा पुढे उभं करताय. जी मेली तिचाच दोष असतो असं नाही, बहुतेक वेळा नसतोच.

आधी होस्टवर (व्हीएममध्ये नाही) जर्नलसीटीएल कमांडने कर्नलचा लॉग काढा आणि "आउट ऑफ मेमरी" शोधा. "किल्ड प्रोसेस" आणि कंसात केव्हीएम (होस्टवर व्हीएम चालवणारी प्रोसेस) दिसलं तर पुढे वाचा. त्याच ओळीच्या सुरुवातीला "मेमरी सीग्रुप" असेल तर होस्टला काही झालेलं नाही, कुठल्या तरी कंटेनरने (व्हीएमसारखाच पण होस्टचाच कर्नल वापरणारा) स्वतःची मर्यादा गाठलीये, तिथे बघा. आणि लॉगमध्ये ईडॅक किंवा मशीन चेकच्या (हार्डवेअरच्या बिघाडाच्या) एरर दिसल्या तर रॅमची स्टिक खराब असण्याची शक्यता मोठी, मेमटेस्ट चालवा, स्टिक बदला, सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

आता हिशोब. माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेलेत त्यामुळे सावकाश सांगतो.

एका क्लायंटकडे १२८ जीबीचा होस्ट होता, १४ व्हीएम, सगळ्यांना मिळून दिलेली रॅम ८४ जीबी. म्हणजे कागदावर भरपूर जागा शिल्लक. तरी दर रविवारी रात्री बॅकअप चालू असताना अकाउंट्सचा विंडोज सर्व्हर मरायचा. फ्री कमांडमध्ये टोटल १२५, यूज्ड ११९, बफ-कॅश फक्त ३. मग पीएस कमांडने सगळ्या केव्हीएम प्रोसेसचा आरएसएस (प्रत्यक्ष धरलेली रॅम) काढून बेरीज केली तर ७१ जीबी. उरलेले ४८ जीबी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नाहीत! टॉपमध्ये दिसत नाहीत, एचटॉपमध्ये दिसत नाहीत.

ते होते झेडएफएसच्या (होस्टच्या डिस्कवरची फाइल सिस्टीम) आर्कमध्ये. आर्क म्हणजे झेडएफएसने रॅममध्ये ठेवलेला डिस्कचा कॅश, पण लिनक्सचा नेहमीचा कॅश जसा बफ-कॅशमध्ये दिसतो तसा हा दिसत नाही, हा सरळ यूज्डमध्ये मोजला जातो. आर्क समरी चालवल्यावर आकडा आला ४४ जीबी, उरलेले ४ होस्टचे स्वतःचे. बॅकअप सगळ्या डिस्क वाचत सुटतो त्यामुळे आर्क फुगतो, आणि कर्नलने मागितल्यावर तो रॅम परत देतो हे खरं असलं तरी हळू देतो. तेवढ्यात एखाद्या व्हीएमने पटकन दोन-चार जीबी मागितले की खेळ संपला.

बेरीज करताना एक सांभाळा, मी इथे वाईट फसलोय. मेमरी संपल्यावर कर्नल लॉगमध्ये प्रोसेसचं जे टेबल छापतो त्यातला आरएसएस ४ केबीच्या पेजमध्ये असतो, केबीमध्ये नाही. आणि त्याच्याच खालच्या "किल्ड प्रोसेस" ओळीतला आकडा मात्र केबीमध्ये! मी दोन्ही केबी धरले, त्यामुळे ७१ जीबीचे १८ झाले, आणि कर्नलमध्ये लीक आहे असं समजून दोन रात्री भलतीकडे शोधत बसलो. टेबलातल्या आकड्याला आधी चारने गुणा, मगच बेरीज करा. केएसएम (सारखी पेजं एकत्र करून रॅम वाचवणारी सोय) चालू असेल तर एकच पेज दोन-तीन व्हीएमच्या नावावर मोजलं जातं म्हणून बेरीज खऱ्यापेक्षा जास्त येते, तेही लक्षात ठेवा.

आता आर्कला मर्यादा घाला. जुन्या इन्स्टॉलमध्ये तो होस्टच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतो. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नवीन इन्स्टॉल करताना १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी अशी मर्यादा घातली जाते, पण जुनं मशीन अपग्रेड करत आणलं असेल तर जुनंच चालू राहतं, त्यामुळे "आमचं तर लेटेस्ट आहे" म्हणून सोडून देऊ नका. माझं गणित असं: १२५ मधून व्हीएमचे पूर्ण ८४ वजा, क्यूएमूच्या (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) वरखर्चाला प्रत्येक व्हीएममागे अर्धा जीबी म्हणजे ७, होस्टला ५, आणि १२ मोकळे. उरले १७, म्हणून आर्क १६. मोकळे १२ बघून हात शिवशिवतो, पण त्यांना हात लावायचा नाही, बॅकअपच्या रात्री तेच वाचवतात.

आकडा बाइट्समध्येच द्यायचा, १६ जीबी म्हणजे १७१७९८६९१८४. मॉडप्रोबच्या फोल्डरमधल्या झेडएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये आर्क मॅक्सला हा आकडा द्या. रूट (होस्टची स्वतःची सिस्टीम) झेडएफएसवर असेल तर इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट करायलाच पाहिजे, नाहीतर रीबूटनंतर सगळं जसंच्या तसं. आणि मर्यादा फार कमी ठेवलीत तर ती चक्क पाळली जात नाही, कारण आर्कचा किमान आकडा डिफॉल्टने रॅमच्या १/३२ असतो, १२८ जीबीवर ४ जीबी. मॅक्स त्याच्याइतका किंवा त्याच्याखाली हवा असेल तर मिनिमम पण खाली आणा. कॅश रिकामा करायची कमांड क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) टाकून ठेवणारे खूप बघितलेत, तो उपाय नाही, दर वेळी सगळ्या व्हीएमची डिस्क रडत चालते.

बलूनिंगबद्दल (चालू व्हीएमची रॅम गरजेप्रमाणे कमी-जास्त करणं) थोडक्यात. होस्ट ८० टक्क्यांच्या वर गेला की प्रॉक्समॉक्स व्हीएमची रॅम मिनिममपर्यंत काढून घेतो, म्हणून डेटाबेसच्या व्हीएमला मिनिमम आणि मेमरी एकच आकडा द्या. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर नसेल तर बलूनिंग होतच नाही. पीसीआय पासथ्रू (होस्टचं कार्ड सरळ व्हीएमला देणं) असलेली व्हीएम पूर्ण रॅम धरूनच ठेवते, तिच्याकडून एक एमबी परत मिळणार नाही.

स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) झेडव्हॉलवर (झेडएफएसमधली आभासी डिस्क) ठेवू नका, वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. रॅम कमी पडली की स्वॅपवर लिहायचं, आणि तिथे लिहायला झेडएफएसलाच आणखी रॅम लागते, अशाने होस्ट जागच्या जागी गोठतो.

शेवटी पुढच्या बॅकअपच्या रात्री आर्कस्टॅट (आर्कचा आकार दाखवणारी कमांड) मिनिटाला एकदा फाइलमध्ये लिहायला लावा आणि सकाळी बघा. आमच्या त्या होस्टवर आर्क १६ च्या वर गेला नाही, आणि रविवारी रात्री येणारे फोन थांबले.