शताब्दीचं स्मारक उभारताय? या चुका टाळा

फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६ मधलं, म्हणजे शताब्दी २०३६ ला. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे साथी गोळीबारात पडले ९ सप्टेंबर १९४२ ला. त्या हौतात्म्याची शंभरी २०४२ ला. ‘बक्कळ वेळ आहे’ असं वाटणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. अंदाजपत्रकं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. शेवटच्या तीन महिन्यांत जागी होणारी समिती इतक्यांदा पाहिलीय, की आता रागही येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारखेपासून मागे न मोजणं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग कुठे कुदळ पडते. मध्येच आचारसंहिता लागली की नवीन काम थांबलंच. त्यात आपला खान्देश! पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यात पाणी, दिवाळीच्या आगेमागे मजूर कापूस वेचायला, एप्रिल-मेमध्ये काँक्रीटवर मारायला पाणी नाही. हाताशी उरतात जानेवारी ते मार्च, आणि ३१ मार्चला निधी परत जायची धास्ती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोहळ्याच्या दिवसापासून लाल पेनानं मागे खुणा करत यायचो. दोन वर्षं हातात नसतील तर नवं बांधकाम काढूच नका, जुन्या वास्तूची डागडुजी करा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. एका तालुक्याच्या गावी स्मारकासमोर कारंजं काढलं. आखणी चालू असताना एक आजी थांबली. ‘भाऊ, आठे प्यावाले पानी नही, कारंजाले कथाईन (कुठून) येई?’ आम्ही हसलो. उद्घाटनाला टँकर मागवला, कारंजं उडालं, फोटो निघाले. पुढे वीजबिल कोणी भरायचं यावर दोन कार्यालयांची पत्रापत्री सुरू झाली, कारण हस्तांतरणाचा कागदच केला नव्हता. मीटर कापलं गेलं. त्या हौदात नंतर शेळ्या बसायच्या. अंदाजपत्रकावर सही माझीच होती. त्यानंतर बिल आणि रखवालदाराचा पगार कोण देणार, याचा ठराव हातात आल्याशिवाय मी पेन उघडलं नाही. ‘ठराव मागाहून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचो.

बाकीच्या चुका थोडक्यात. सातबारा न बघता भूमिपूजन करू नका. चौकातल्या रस्त्यावर पुतळा नकोच, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच मनाई केलीय; दुसरीकडे बसवायचा तर क्ले मॉडेलला, म्हणजे पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला, कला संचालनालयाची मान्यता आधी. काळा ग्रॅनाइट इथे मे महिन्यात तवा होतो, अनवाणी माणूस दर्शनाला उभा राहू शकत नाही. साधी फरशी आणि कडुनिंबाची सावली बरी. हुतात्म्यांची नावं कोरण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा, आणि ती कोनशिलेवरच्या मान्यवरांपेक्षा मोठ्या अक्षरात घ्या. हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

आणि भव्यतेचा हट्ट धरणाऱ्यांनी फैजपूरच आठवावं. तिथं अधिवेशनासाठी उभारलेलं टिळकनगर चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून सजवलं होतं.