कीर्तनाच्या गादीवर उभं राहण्याआधी

सांगली-मिरज भागात कीर्तन शिकायची इच्छा असलेली मंडळी, त्यातही कॉलेजातल्या मुली आणि घरसंसार सांभाळणाऱ्या बायका, अलीकडे बऱ्याचदा भेटायला येतात. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "ताई, आवाज बरा आहे, आख्यान कुठलं बसवू?" आख्यानाचं मागाहून बघता येईल. कीर्तनकार जिथे उभा राहतो त्या नारदाच्या गादीवरून आपण लोकांना काय सांगणार, आणि ते लोकांनी आपल्याकडून का ऐकावं, याचा विचार आधी व्हायला हवा. मी शाळेत मराठी शिकवता शिकवता नारदीय कीर्तन शिकले आणि कृष्णाकाठच्या देवळांमधून करत आले. घर, कला, श्रद्धा आणि चार लोकांतलं वागणं यांतलं काहीच या कामात बाजूला ठेवता येत नाही, असं मला दिसलं. नव्याने येणाऱ्यांसाठी ते लिहिते आहे.

आधी आराखडा. नारदीय कीर्तनाचे दोन भाग, पूर्वरंग आणि उत्तररंग. सुरुवातीला नमन, मग निरूपणाचा मुख्य अभंग किंवा पद, त्याचं विवरण. मध्यंतरात नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात. उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगावर येऊन आरती. वारकरी कीर्तन वेगळं. तिथे एक अभंग धरून शेवटपर्यंत निरूपण चालतं, मागे टाळकरी उभे, साथीला मृदंग. ऐकताना दोन्ही ऐका, शिकताना मात्र एकच पद्धत धरा.

नवशिक्यांचा सगळा जीव उत्तररंगात असतो, कारण तिथे गोष्ट असते, गाणी असतात, टाळ्या मिळतात. पण कीर्तनकार घडतो तो पूर्वरंगात. तिथे आडोसा नसतो. एक अभंग, तुमचं वाचन आणि तुमचं जगणं, एवढ्यावर अर्धा-पाऊण तास उभं राहायचं असतं. दासबोधाच्या चौथ्या दशकात कीर्तनभक्तीचा समास आहे, त्यात समर्थांनी 'बहुत करावे पाठांतर' असं स्पष्ट सांगितलं आहे. चौदाव्या दशकात कीर्तनलक्षण आणि हरिकथालक्षण असे दोन समास लागोपाठ येतात, तेही वाचा. कागद हातात धरून कीर्तन होत नाही. पाठ असलेला अभंगच ऐन वेळी आठवतो, आणि समोरच्या माणसांकडे बघून त्याचा अर्थ उलगडता येतो.

रीतसर शिकायचं तर पुण्यात हरिकीर्तनोत्तेजक सभेचं नारद मंदिर आहे, दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे. तिथे अभ्यासक्रम नीट बांधलेला असतो. आपल्या भागात बहुतेकांना एखाद्या बुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहूनच शिकावं लागतं, आणि मला ती वाट आजही मोलाची वाटते. कधी थांबायचं, पेटीवाल्याकडे कधी बघायचं, श्रोते कंटाळलेत हे कशावरून ओळखायचं, ही शिकवण वर्गात कमी आणि देवळात जास्त मिळते.

मुलींना मी मिरजेचा वेणास्वामींचा मठ आवर्जून बघायला सांगते. वेणास्वामी म्हणजे समर्थांच्या शिष्या वेणाबाई, सतराव्या शतकातल्या. मिरज हे त्यांचं सासर, लहान वयातच वैधव्य आलेलं. समर्थांनी त्यांना उभं राहून कीर्तन करायची मोकळीक दिली, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे. 'बाईमाणसाचं कीर्तन' असं नाक मुरडून बोलणारा अजूनही एखाद्या गावात भेटतो. त्याच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका, मिरजेच्या या मठाचं नाव सांगा आणि नमन सुरू करा.

याच वेणाबाईंनी सीतास्वयंवर रचलं. आणि १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचं पहिलं नाटक केलं तेही सीतास्वयंवरच. सूत्रधाराने पदं म्हणायची आणि पात्रांनी प्रसंग उभा करायचा, ही त्यांची रीत कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला परकी वाटत नाही. म्हणून पहिलं आख्यान म्हणून मी सीतास्वयंवरच सुचवते. ते आपल्या मातीतलं आहे, आणि त्यात सगळे रस आहेत.

ते बसवायचं कसं? पूर्वरंगाला तुकोबांचा 'लहानपण देगा देवा' घ्या. मग आख्यानात रावण आणि राम समोरासमोर ठेवा. रावण सभेत ताठ मानेने येतो आणि धनुष्याखाली दबतो. राम आधी विश्वामित्रांना वंदन करतो आणि मग धनुष्याला हात लावतो. पूर्वरंगात जे सांगितलं ते गोष्टीतच घडलं, की 'म्हणून श्रोतेहो' असं वेगळं सांगावं लागत नाही. रावणाचा प्रवेश कटाव या धावत्या पद्यरचनेत, वेगात, तबला चढता ठेवून. तो पडला की मुलं हसतात. त्यांना हसू द्या. मग तबला पूर्ण थांबवायचा, पेटीवर नुसता षड्ज, म्हणजे 'सा', आणि सीतेच्या मनातली धास्ती दिंडी या वृत्तात. मी माझ्यापुरती ही दिंडी रचली:

धनू ऐसे हे, जड न कुणा हाले
राम सुकुमारू, पुढे कसे चाले?

मात्रा मोजून बघा. पहिल्या तुकड्यात नऊ, दुसऱ्यात दहा, मिळून एकोणीस. शेवटची दोन्ही अक्षरं गुरू. एवढं सांभाळलं की दिंडी कुणालाही रचता येते. मोरोपंतांच्या आर्या, श्रीधरांच्या ओव्या पाठ कराच, पण प्रत्येक आख्यानात दोन-चार ओळी स्वतःच्या घाला. स्वतःची ओळ म्हणताना आवाजात जो ओलावा येतो तो उसन्या ओळीला येत नाही. साकी, दिंडी, आर्या, कटाव या पद्यरचनांचा आळीपाळीने उपयोग झाला पाहिजे; सगळंच एका चालीत गेलं तर मागची रांग आधी उठते. आणि मिरजेत कीर्तन असेल तर सुराची तयारी दुप्पट ठेवा. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या घरांचं ते गाव, अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, जरा घसरली तरी तिथे ती ऐकणाऱ्याच्या कपाळावर दिसते.

वेळ साधणं हा वेगळाच अभ्यास. रामजन्म दुपारी बाराला, कृष्णजन्म मध्यरात्री, हनुमानजन्म सूर्योदयाला, नृसिंहजन्म तिन्हीसांजेला. जन्माचं कीर्तन त्या क्षणाला पोचलंच पाहिजे. रामनवमीला पाळण्याची दोरी धरून बायका उभ्या असतात, गुलालाचं ताट तयार, सुंठवडा वाटायला ठेवलेला, आणि बाराला पाच मिनिटं असताना तुम्ही अजून पुत्रकामेष्टीतच असाल तर काय होईल? मी आख्यानात दोन जागा अशा ठेवते की जिथे एखादं पद वाढवता येईल किंवा सरळ गाळता येईल. घड्याळ समोरच्या खांबावर लावून घ्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारा कीर्तनकार बरा दिसत नाही.

आता घराचं. सणाच्या दिवशीच कीर्तनाची बोलावणी येतात आणि सणाच्याच दिवशी घरात बाई हवी असते. याला सोपं उत्तर नाही. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन सगळे बसतो. कोणत्या तिथ्या घराच्या आणि कोणत्या देवळाच्या, हे तेव्हाच ठरतं, आणि घराला दिलेली तिथी मोठं बोलावणं आलं तरी मी मोडत नाही. सुतक, आजारपण, परीक्षा हे धरून चालायचं असतं; म्हणून ऐन वेळी उभी राहू शकेल अशी एक मैत्रीण या क्षेत्रात जोडून ठेवा, आणि तिच्या अडचणीला तुम्हीही धावा.

घरचे म्हणजे नुसती अडचण असं मात्र समजू नका. पहिले श्रोते तेच. मी सीतास्वयंवर बसवत होते तेव्हा सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. रावणाचा कटाव संपल्यावर म्हणाल्या, "रावणाला एवढा वेळ दिलास, पण जनकाचं काय? लेक उजवायची राहिली आणि एकाला धनुष्य हलत नाही, त्या बापाच्या पोटात काय होत असेल ते सांग की." त्या दुपारी जनकाच्या ओव्या लिहिल्या. आजही कुठल्याही गावात त्या ओव्यांना फेटे बांधलेले बाप्ये डोळे पुसतात. ती सूचना कुठल्याच ग्रंथात मिळाली नसती.

श्रद्धेबद्दल मुली बिचकत विचारतात. "ताई, माझा तेवढा विश्वास नाही, मग मी हे करू का?" करा, माझी हरकत नाही. संतांचे शब्द मन लावून वाचा, त्यांच्याबद्दल आदर असू द्या. पण जो चमत्कार तुम्हाला स्वतःला पटत नाही तो 'असं घडलंच' म्हणून ठासून सांगू नका. 'अशी कथा सांगतात' म्हणा. माझी रामावर श्रद्धा आहे, लहानपणापासून आहे, आणि ती मी लपवत नाही. तरीही श्रोत्यांना घाबरवून देवाकडे वळवणं मला पाप वाटतं.

हे मला २०१९ च्या पुराने फार ठळक दाखवलं. ऐन श्रावणात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर एका गावात कीर्तनाला बोलावलं. देवळाच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, समोर बसलेल्यांची जनावरं वाहून गेली होती. एका आजोबांनी मध्यंतरात विचारलं, "आमचं काय चुकलं म्हणून देवानं असं केलं?" अशा वेळी कर्माचं फळ, देवाचा कोप असं बोलणारे आहेत. मी तसं बोलले नाही, तुम्हीही कधी बोलू नका. पूर येतो तो पावसाने, धरणातून सोडलेल्या पाण्याने, नदीच्या पात्रात माणसांनी केलेल्या बांधकामांनी. मी आजोबांना सांगितलं, "तुमचं काही चुकलं नाही." आणि पुढे ठरलेलं आख्यान बाजूला ठेवून 'जे का रंजले गांजले' घेतला, होड्या घेऊन आलेल्या पोरांबद्दल, भाकऱ्या बडवून पाठवणाऱ्या वरच्या गावांतल्या बायकांबद्दल बोलले.

गादीवरच्या माणसाचं लोक खरं मानतात. प्रथा अशी की तिथे उभं असताना कीर्तनकार कुणाला नमस्कार करत नाही, कितीही मोठा माणूस आला तरी तोच येऊन पाया पडतो. हा मान नारदाच्या गादीचा आहे, आणि तो दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. निवडणुकीच्या आधी हे फार जपावं लागतं. कीर्तन रंगात आलेलं असताना पुढारी पंचवीस माणसं घेऊन येतात आणि संयोजक हातात चिठ्ठी देतो, 'अमुक साहेबांचं स्वागत करावं'. मी बोलावणं घेतानाच सांगून ठेवते: सत्कार नमनाआधी उरका किंवा आरतीनंतर करा, मधे चिठ्ठी आली तर ती मी वाचणार नाही. आधी सांगितलं की कुणी रागावत नाही. याचा अर्थ गावाच्या प्रश्नांवर गप्प बसायचं असा मुळीच नाही. गाडगे महाराज आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून दारू, कर्ज, पशुहत्या, शिवाशिव यांवर बोलतं करायचे. हुंडा, पोरींची शाळा, नदीत सोडलेलं सांडपाणी यांवर जरूर बोला. माणसाचं आणि पक्षाचं नाव घेऊ नका. आणि बायकांवरचे, जातींवरचे जुने विनोद, टाळ्या हमखास मिळत असल्या तरी, आपल्या वहीतून काढून टाका. चोखोबांचा, जनाबाईंचा अभंग म्हणणाऱ्या तोंडी ते शोभत नाहीत.

पैशांबद्दल स्पष्ट असावं. 'जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे' हा तुकोबांचा अभंग तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच. मला पगार होता म्हणून मी बिदागी ठरवली नाही. गावाने दिलं ते घेतलं. पण ज्यांचं घर यावर चालतं त्यांनी आधी आकडा सांगावा, त्यात कमीपणा नाही. पेटी आणि तबला यांचं मानधन आणि प्रवासखर्च मात्र पहिल्याच फोनवर ठरवून घ्या. साथीदार रात्री बारा वाजता एसटी स्टँडवर ताटकळणार असतील तर ते बोलावणं घेऊ नये.

पहिलं कीर्तन मोठ्या उत्सवात मागू नका. आपल्या आळीतलं लहान देऊळ, एकादशीची संध्याकाळ, पाऊण तास एवढं पुरे. साथीदारांबरोबर निदान एक पूर्ण तालीम हवी, पट्टी आधी ठरलेली हवी. बायकांना बहुधा काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, आसपास सोयीचं पडतं. संध्याकाळी जड जेवू नका. फोनवर रेकॉर्डिंग करायला कुणाला तरी बसवा आणि दुसऱ्या दिवशी ते घरच्यांबरोबर ऐका, पूर्वरंग आधी. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात किंवा तासगावच्या गणपतीपुढे उभं राहण्याची घाई नको. तिथली मंडळी लहान देवळातल्या कीर्तनांना येऊन बसतात, आणि बोलावणं तेच घेऊन येतात.