जुन्या ठाण्याची छायाचित्र स्पर्धा कशी भरवावी

आधी हद्द आखा. नुसते ‘जुने ठाणे’ म्हणालात तर येऊरचे धबधबेही येतील आणि घोडबंदर रोडचे टॉवरही. मासुंदा तलाव, जांभळी नाका, टेंभी नाका, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा एवढे पुरे.

मुदत महिनाभर ठेवा, पण गुढीपाडव्याला गाठ घालू नका. शोभायात्रेत फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो दर वर्षी ढिगाने निघतात; त्यातला पहिला कोणता ठरवणार?

विभाग तीन: वास्तू, माणसे आणि घरच्या अल्बममधले जुने फोटो. माझ्या मते खरा ऐवज तिसऱ्यात आहे. तिथे फोटोची सफाई बघू नका, माहिती बघा. अल्बम मागून नेऊ नका. स्कॅनर घेऊन घरी जा आणि ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही घ्या, कारण तारीख, स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. आजी-आजोबांना विचारून कोण, कुठे, साधारण केव्हा हे लगेच लिहून घ्या.

बाकी फोटोंनाही दोन ओळींची माहिती सक्तीची करा. टेंभी नाक्याचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८७९ चे, हे खाली लिहिलेले असले की बघणारा थबकतो.

परवानगीचे कलम ठळक छापा. देवळात, चर्चमध्ये, सिनेगॉगमध्ये विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, तेव्हा ती बाहेरूनच. मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. पण आज तो चालता तुरुंग आहे, यादीत घालूच नका. कोळणीचा फोटो काढण्याआधी तिला विचारा, आणि गिऱ्हाईक समोर असताना तर नकोच.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फाइल आक्रसते. १२ बाय १८ इंची प्रिंटला निदान २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. उजेड-रंग सुधारले तर चालेल, एआयने बनवलेले बाद.

परीक्षक तीन: एक छायाचित्रकार, एक इतिहासाचा जाणकार, एक त्याच आळीतला जुना रहिवासी. त्यांच्याकडे नावे न देता फक्त क्रमांक द्या. फोटोचा हक्क काढणाऱ्याचाच. तुम्ही प्रदर्शनापुरती लेखी संमती घ्या.

प्रदर्शन आळीतच लावा, गणपतीच्या मंडपात जागा मिळाली तर उत्तम. प्रत्येक जुन्या फोटोशेजारी कोरा कागद आणि पेन ठेवा. ‘डावीकडून दुसरा माझा काका’ असे कोणीतरी लिहून जाईल.