एच-निर्देशांक हाती आल्यावर काय तपासावे

एच-निर्देशांक १० म्हणजे त्या संशोधकाच्या १० लेखांना प्रत्येकी किमान १० उद्धरणे (इतर लेखांनी दिलेले संदर्भ) मिळाली आहेत, एवढेच. त्यातल्या एका लेखाला १,००० मिळाली तरी आकडा १०च राहतो. होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेले हे माप वयाबरोबर वाढतच जाते. तरुणाची ज्येष्ठाशी तुलना केली की अन्याय ठरलेलाच.

आधी आकड्याचा स्रोत पाहा. गूगल स्कॉलर ही शोधसेवा प्रबंध आणि अप्रकाशित मसुदेही मोजते, म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या माहितीकोशापेक्षा बहुधा मोठा दिसतो. निवडीसाठी आलेल्या सगळ्या उमेदवारांसाठी स्रोत एकच ठेवा. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे लेख मिसळले नाहीत ना, हे ऑर्किड (ORCID) या प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून पडताळा. स्वतःच्याच लेखांना दिलेली उद्धरणे वगळून पुन्हा मोजा. गणितात उद्धरणे सावकाश आणि कमी येतात, जैववैद्यकात भराभर. विषय ओलांडून तुलना करूच नका.

इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकातल्या लेखांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी. मोजके गाजलेले लेख ती वर खेचतात, त्यामुळे एखाद्या लेखाची गुणवत्ता त्यावरून कळत नाही.

मग खरे काम. उमेदवाराला ३ ते ५ लेख निवडायला सांगा, प्रत्येकातला स्वतःचा वाटा चार ओळींत लिहून घ्या आणि ते लेख वाचा. उद्धृत करणाऱ्यांनी काय म्हटले आहे तेही पाहा, कारण चूक दाखवण्यासाठी दिलेले उद्धरणही मोजणीत इतरांइतकेच भरते.