निळी पडणारी धार
ठाण्यात वागळे इस्टेटच्या गाळ्यात माझा लाकूड कातायचा लेथ आहे. जुनी कार्बन स्टीलची पटाशी ग्राइंडरला लावली की टोक निळं पडायचं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, तापून पोलादाचा कडकपणा गेला; दोन लाकडी वाट्या कातल्या की धार बसायची. मी पोलादाला शिव्या घालत होतो. दोष ग्राइंडरसोबत आलेल्या राखाडी चाकाचा होता. कडक बाँडचं (बाँड म्हणजे चाकातले घासणारे कण धरून ठेवणारा मसाला), वर घासून काचेसारखं गुळगुळीत.

पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, ८० ग्रिट (कणांची जाडी), के ग्रेडचं (बाँडचा कडकपणा) चाक आणलं. बाँड मऊ, बोथट कण गळून नवे वर येतात, ताप कमी. चढवण्याआधी बोटावर टांगून टिचकी मारली: खणखणीत वाजलं. बद्द वाजतं ते तडकलेलं, परत करा. चाकाचा पृष्ठभाग खरवडून साफ-सपाट करणारा डायमंड ड्रेसर हलकाच फिरवला. आता पटाशी नुसती टेकवतो, दाबत नाही.