मिश्रधातूच्या चाकांवरील रंग काढून मूळ चकाकी आणताना

प्रथम चाकाला चुंबक लावून पाहावे. ते चिकटले तर चाक लोखंडी आहे, आणि रंग काढल्यावर ते गंजणार असल्याने त्याला पॉलिश करण्याच्या फंदात पडू नये. चाक ॲल्युमिनियमचे असेल तर टायर उतरवून काळ्या मातीचा चिखल पूर्ण धुवावा.

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात पेंट रिमूव्हर रंगात मुरण्याआधीच सुकतो, म्हणून हे काम पहाटे, मोकळ्या हवेच्या सावलीत, रबरी हातमोजे व चष्मा घालून करावे. थर जाड लावावा, रंग फुगल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. स्वस्त पडतो म्हणून कॉस्टिक सोडा मात्र कदापि वापरू नये, कारण तो ॲल्युमिनियमच खातो.

त्यानंतर ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत क्रमाने फिरवावा. खरी चकाकी इथेच ठरते: आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नये. चाकाचे नट जिथे टेकतात त्या बैठका घासू नयेत. शेवटी मेटल पॉलिश लावून सुती कापडाने चोळावे आणि मेणाचा थर द्यावा. पावसाळ्यात तो वरचेवर द्यावा लागतो.